मागची बाग कुठली?

"मागची बाग कुठली?"

फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. पलीकडे सात माणसं बोचकी घेऊन उभी होती. जतकडची छाटणीची टोळी. दोन हजार वीसचा सप्टेंबर, डाळिंबाच्या हस्त बहाराची, म्हणजे पावसाळा सरताना धरायच्या पिकाची, छाटणी तोंडावर आलेली आणि माणूस मिळायची मारामार. तरीही हा प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणाला आत घेत नसे. डाळिंबावर तेल्या नावाचा रोग पडतो. फळावर तेलकट काळा डाग येतो, फळ तडकतं, आणि रोगी झाडाला लागलेली कात्री तशीच दुसऱ्या झाडाला लावली की रोग तिथेही पोचतो. म्हणून टोळी आधी कुठे होती ते विचारायचं. उत्तर ठरलेलं असायचं, 'एकदम स्वच्छ बाग होती, मालक.' वीस वर्षांत एकाही टोळीने मला दुसरं उत्तर दिलं नव्हतं. मजूर खोटंच बोलणार हे मी धरूनच चाललो होतो, आणि तरी विचारायचो, कारण त्यांना खोटं बोलताना बघायला मला बरं वाटायचं.

मुकादम पुढे आला. पन्नाशीचा, वाळका माणूस. उपरणं नाकावरून घट्ट बांधलेलं. नाव लहू ऐवळे.

"तेल्याची हुती, मालक," तो म्हणाला.

मागची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने कपाळाला हात लावला.

"काय म्हणालास?"

"तेल्याची हुती. निम्म्या झाडांवर डाग हुता. म्हणून चार दिस घरी बसलो. कापडं उकळली, कात्र्या उकळल्या. आन आमच्यात दिन्या म्हणून एक गडी हाय, त्येला परवापास्नं खोकला लागलाय. त्येला ठिवून आलो. आता तुमाला घ्यायचं तर घ्या, न्हाई तर आमी माघारी जातो."

"खरं बोललास म्हणून हार घालू का तुला?" मी म्हणालो. "तुम्हा लोकांचा काय भरवसा? आज खरं, उद्या खोटं."

दुसरी टोळी असती तर मी त्याला तिथूनच हाकलला असता. नव्हती, म्हणून कुलूप काढलं. सातही जणांना पंपाच्या पाण्याखाली कपड्यांसकट आंघोळ घातली. फाटकाशी ब्लिचिंगच्या पाण्याचा हौद होता, त्यात पाय बुडवायला लावले. त्यांच्या कात्र्या गोणपाटात बांधून बाहेर टांगल्या आणि माझ्या सात दिल्या. कुडकुडत उभी असलेली माणसं बघून मला आपण कोणीतरी शास्त्रज्ञ आहोत असं वाटत होतं.

आणि का वाटू नये? गावात दुसरं होतं कोण? साथ आली तेव्हा आमच्या शहाण्यांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केला आणि काट्यांच्या आतल्या अंगाला चौदा जण एका घोंगडीवर पत्ते कुटत बसले. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की बागेत फवारणीला वापरतात तो ट्रॅक्टरचा ब्लोअर गल्लीतून फिरवावा. फिरवला. बाया पोरं काखेत घेऊन त्या फवाऱ्यापुढे उभ्या राहिल्या, तीर्थ घ्यावं तशा. पिकावर औषध मारलं की रोग जातो, मग माणसावर का जाणार नाही, एवढीच यांची अक्कल. मी सांगायला गेलो तर सरपंच म्हणाला, "येलपले, तुमचं ज्ञान तुमच्या बागेत ठेवा." मी ठेवलं. त्या दिवसापासून गावाशी माझं बोलणं फाटकापुरतंच राहिलं.

माझ्या ज्ञानाची किंमत मात्र बाहेर होती. टोळी यायच्या आधीच्या रविवारी एका व्यापाऱ्याच्या गोडाउनात बागायतदारांचं चर्चासत्र झालं. 'रोगमुक्त बाग' या विषयावर मी बोललो. चाळीसेक माणसं होती, मास्क बहुतेकांचे हनुवटीला. एकच माईक सगळ्यांच्या हातांतून आणि तोंडासमोरून फिरला. शेवटी शाल मिळाली. कात्री दर झाडागणिक का बुडवावी यावर मी चाळीस मिनिटं बोललो आणि त्याच माईकवर चौघांनी माझे आभार मानले.

छाटणी गुरुवारी सुरू झाली. चौदाशे झाडं, सात माणसं, सात दिवस. रोज सकाळी मी स्वतः बादल्यांत हायपो कालवायचो. हायपो म्हणजे कात्र्या बुडवायचं द्रावण, पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास येतो त्याला. एक झाड झालं की कात्री बादलीत, मग दुसरं झाड. पोरांनी चुकवलं की मी लांबून ओरडायचो. पण लांब मी फारसा नसायचोच. छाटणी म्हणजे काही कुंपण तोडणं नव्हे. कुठली काडी फळ देणार, कुठली नुसती पाणी पिणार, हे झाडात डोकं घालून बघावं लागतं. मी आणि लहू दोघंही एकाच झाडाच्या आत वाकायचो. "ही काढू का ठेवू, मालक?" तो विचारायचा, त्याचं उपरणं माझ्या कानाला लागायचं. माझ्या तोंडावर काही नसायचं. मास्कने चष्म्यावर वाफ धरते आणि काडी दिसत नाही.

त्याचा हात चांगला होता, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. फांदीला बोटाने नुसतं दाबून तो सांगायचा की आत कस आहे की नाही. मी मुद्दाम एकदोनदा चूक काडी दाखवली, तेव्हा तो गप्प राहिला आणि कात्री चालवली नाही. मजुराने असं गप्प राहून मालकाला चूक ठरवावं याचा मला राग आला.

शनिवारी सकाळी हायपो कालवलं आणि वासच आला नाही.

आधी वाटलं, माप चुकलं. अजून एक माप ओतलं. तरी नाही. मी दुकानदाराला फोन लावला आणि यथेच्छ शिव्या दिल्या. "पाणी विकतोस का डब्यात? गाढवांना विकून विकून तुला मीही गाढव वाटायला लागलो काय?" तो बिचारा शपथा घेत होता. मी फोन आपटला आणि अख्खा डबा बादल्यांत रिता केला.

टोळी कामाला लागली तर दहा मिनिटांत पोरं डोळे चोळायला लागली.

"मालक, आज लई उग्र झालंय," लहू म्हणाला. "डोळ्यातनं पाणी येतंय पोरांच्या. हाताची आग व्हतीया."

"नखरे करू नका. शिळा माल आहे, काही दम नाही त्यात."

लहूने बादलीवर तोंड नेलं आणि झटक्याने मागे घेतलं. मग माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. 

दुपारी मी पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसलो होतो. अंग जरा कसकसत होतं, पण आदल्या आठवड्यात फवारणी झाली होती, त्याचं असेल. फोन वाजला. मुलीचा आवाज.

"नमस्कार काका, मी कृषी महाविद्यालयातून ऋतुजा बोलतेय. शेतकऱ्यांमधील साथीच्या आजाराबाबतची जागरूकता आणि प्रतिबंधात्मक सवयी, या विषयावर आमचं सर्वेक्षण आहे. बावीस प्रश्न आहेत. दहा मिनिटं द्याल का?"

"शेतकऱ्यांना काय विचारतेस, बाळ? त्यांची जागरूकता चुलीत गेली. विचार, मला विचार."

तिने पाठ केल्यासारखे प्रश्न सुरू केले. हात दिवसातून किती वेळा धुता? बाहेरची माणसं शेतात येताना काय काळजी घेता? मी हौद सांगितला, कात्र्या सांगितल्या, आंघोळ सांगितली. ती भारावून गेली.

"गेल्या पंधरा दिवसांत गर्दीच्या कार्यक्रमाला गेला होतात का?"

"नाही." लग्न, बारसं, तेरावं म्हणजे गर्दी. चर्चासत्र म्हणजे गर्दी नव्हे.

"आता लक्षणं सांगते, माहीत असेल तर हो म्हणा. ताप?"

"हो."

"खोकला?"

"हो."

"अंगदुखी?"

"हो, हो. पुढे."

"वास न येणं?"

 हे मी वर्तमानपत्रात चार वेळा वाचलं होतं, पण ते लोकांच्या नाकाबद्दल होतं. पायरीशी एक बादली उरलेली होती. मी बोट बुडवलं आणि नाकाशी आणलं. बोटाला आग होत होती. वास शून्य. वाकून बादलीतच नाक घातलं. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही.

"काका? ऐकू येतंय ना? वास न येणं हे लक्षण आहे, हे माहीत आहे का?"

"हो."

"असं काही लक्षण दिसलं तर तुम्ही काय कराल? अ, लगेच वेगळं राहून तपासणी करून घेईन. ब, घरगुती उपाय करीन. क, काहीच करणार नाही."

"अ," मी म्हणालो.

"काका, तुमची सगळी उत्तरं बरोबर आली! आजवर एवढे फोन केले, एवढं जागरूक कुणी भेटलं नव्हतं. काळजी घ्या हं."

मी फोन खिशात टाकला आणि बागेकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत सहाशे झाडं होणार होती, आठशे राहणार होती. तपासणी केली आणि निघालं तर घर, बाग, सगळं सील. टोळीला शाळेत नेऊन चौदा दिवस कोंडणार. छाटलेली झाडं आज फुटणार, राहिलेली तीन आठवड्यांनी. अर्धी बाग पुढे, अर्धी मागे, आणि बहार गेला म्हणजे वर्ष गेलं. बुधवारी संध्याकाळी छाटणी संपत होती. चार दिवसांचा प्रश्न होता.

रात्री माझ्या बायकोने, प्रमिलाने, पिठलं वाढलं. मी खाऊन ताट सरकवलं.

"चांगलं झालं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"करपलं होतं. घरभर वास सुटलाय. मी मुद्दाम टाकलं नाही, बघू म्हटलं तुम्ही काय म्हणता." ती माझ्याकडे बघत राहिली. "दुपारी लहूने सांगितलं मला. म्हणाला, मालकांना औषधाचा वास येत नाही, तुम्ही जरा लक्ष द्या."

"मजुरांशी कशाला बोलतेस?"

"उद्या दवाखान्यात चला."

"बुधवारी संपतंय. गुरुवारी जाऊ."

तिने भांडण केलं नाही. माझं अंथरूण ओसरीवर टाकलं, ताट-तांब्या वेगळा केला, आतून कडी घातली. कडीमागून म्हणाली, "घरात मी तुम्हाला वेगळं केलं. त्या लहूला कोण वेगळं करणार?" तिनेही त्याला काही सांगितलं नाही मात्र. बाग तिचीही होती.

रविवारी मी ठरवलं की लांब राहायचं. मास्क लावला, बांधावर खुर्ची टाकली आणि तिथून सूचना द्यायला लागलो. तासाभरात एका पोराने चांगल्या तीन फळकाड्या सपासप उडवल्या. माझ्याने बघवेना. या अडाण्यांच्या हातात मी बाग सोडून बसू? पाच पावलं गेलो, मग दहा, आणि मग नेहमीसारखा झाडात डोकं घालून उभा होतो, शेजारी लहू.

"आज मास्क लावला, मालक?" तो म्हणाला.

"धूळ आहे."

त्याने कात्री बादलीत बुडवली. लगेच बाहेर काढली नाही.

"राग न्हाई येणार तर इचारू का? मला शुगर हाय. डाक्तर म्हणला, तुला धरलं तर सोडायचं न्हाई. घरात म्हातारी आय हाय. तुमाला काय असलं तर सांगा. आमी आत्ता निघतो. बरं वाटलं की फोन करा, ऱ्हायलेली झाडं यिऊन करून दिऊ. दुसऱ्या कुणाची बाग धरत न्हाई तवर."

यापेक्षा सरळ कुणी कुणाशी बोलू शकत नाही. पोरंही हात थांबवून ऐकत होती. 'आहे' एवढा एक शब्द म्हणायचा होता. नाहीतर निदान 'जा' म्हणायचं होतं.

मी मास्क खाली ओढला.

"बघ," मी म्हणालो. "नीट बघून घे तोंड. आजारी दिसतोय का? तेल्याच्या बागेतली घाण अंगावर घेऊन माझ्या दारात आलेला तू, आणि मला विचारतोस? मी तुझ्यासारख्याला विचारतो, तू मला नाही. चार बुकं वाचलेला माणूस आणि शिंकेला घाबरून काम टाकणारी माणसं यांत फरक असतो. समजलं?"

माझं तोंड त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं. मी बोलत होतो तेव्हा त्याने डोळे मिटले, पण मागे सरला नाही. मालक बोलत असताना मागे सरणं म्हणजे अपमान, हे त्याला कुणीतरी लहानपणीच शिकवलं असणार.

"चुकलं, मालक," तो म्हणाला आणि झाडात वाकला.

'मला काही झालेलं नाही' असं मी म्हणालो नाही, हे माझ्या लक्षात आहे. मी खोटं बोललो नाही यावर मी पुढे कित्येक दिवस समाधान मानत होतो. इतका हलकट माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि मी पुष्कळ बघितलेत.

त्यानंतर मास्क लावायची सोय उरली नाही. लावला असता तर पुन्हा संशय आला असता. सोमवार, मंगळवार, बुधवार, मी उघड्या तोंडाने त्याच्या शेजारी उभा राहिलो, मुद्दाम जास्त बोललो, जास्त हसलो, मंगळवारी त्याच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. आयुष्यात प्रथमच मी मजुराच्या खांद्यावर हात ठेवला होता. पोरांना वाटलं असेल, मालक निवळले.

बुधवारी सूर्य मावळायच्या आत चौदाशेवं झाड झालं. लहूने सातही कात्र्या धुऊन, पुसून, ओळीत मांडून दिल्या. आपल्या कात्र्यांचं गोणपाट खांद्यावर टाकलं. फाटकातून बाहेर पडताना पोरांना म्हणाला, "पाय बुडवा रं. हितली घाण दुसरीकडं न्यायची न्हाई." आणि स्वतः आधी बुडवले.

गुरुवारी मी दवाखान्यात गेलो नाही. अंगदुखी थांबली होती, मग उगाच कशाला शोभा?

दहाबारा दिवसांनी टमटमवाल्याकडून कळलं की जतकडची टोळी आडवी पडलीय, मुकादमाला तालुक्याला हलवलं. चहाच्या टपरीवर चर्चा सुरू झाली. हीच टोळी गावात रोग घेऊन आली होती, थोडक्यात वाचलो, वगैरे. ज्यांच्याशी मी सहा महिने बोललो नव्हतो ते माझ्याकडे वळले. सरपंच म्हणाला, "येलपले, तुमच्या बागेत होते ना ते?"

"मी फाटकावरच ओळखलं होतं," मी म्हणालो. "एकाला खोकला होता, त्यांनीच सांगितलं. म्हणून तर आंघोळी घालून घेतल्या."

शब्द न् शब्द खरा होता. सरपंच म्हणाला, "तुमचं म्हणजे काम पक्कं." त्या हंगामात आमच्या पट्ट्यातल्या कुणीही त्या टोळीला फाटकाच्या आत घेतलं नाही. मला वास हळूहळू परत यायला लागला. पहिल्यांदा आला तो हायपोचाच.

दसऱ्याच्या चार दिवस आधी फोन वाजला तेव्हा मी बागेत होतो. अख्खी बाग एकसारखी फुटली होती. चौदाशे झाडांवर एका वेळी लाल कळी, असा बहार मी माझ्या हयातीत बघितला नव्हता. प्रमिला शेजारच्या ओळीत गवत काढत होती. फोनवर नाव आलं, 'लहू छाटणी'.

मला हायसं वाटलं, हे सांगितलं पाहिजे. बरा झाला म्हणायचा, सुटलो.

"काय रे लहू, कसा आहेस?"

"मी मुकादमाच्या घरची बोलतीया. शेवंता." बाईचा आवाज सपाट होता. "त्ये गेलं, मालक. आज नऊ दिस झालं."

प्रमिलाने खुरपं थांबवलं. आवाज तिच्यापर्यंत जात होता.

"अरेरे," मी म्हणालो.

"त्येच्यासाठी फोन न्हाई केला. तोंडाला नळी लावायच्या आदी त्येनी मला सांगितलं हुतं. म्हणलं, येलपले मालकाला इचार, आमच्या टोळीमुळं त्येंच्या घरात तर काय शिरलं न्हाई ना? दिन्याला खोकला हुता, आमी त्येच्यासंगं ऱ्हायलो हुतो. मालकानं फाटकावर इचारलं तवाच माघारी याय पायजे हुतं, असं म्हणत हुतं. जिवाला तेवढंच लागून ऱ्हायलं हुतं त्येंच्या. सगळं आवरून आज सवड झाली, म्हणून इचारती. बाईसायब बऱ्या हायती ना? तुमी?"

"आम्ही बरे आहोत," मी म्हणालो.

"मग देव पावला." तिने मोठा श्वास घेतला. "लई भ्या वाटत हुतं मला. आमच्यामुळं काय तरास झाला असंल तर पोटात घाला, मालक."

प्रमिला उभी राहिली होती. माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघत होतो. सांगायला दुसरं काहीच नव्हतं, सगळं तयार होतं, एकच वाक्य होतं.

"असू दे," मी म्हणालो. "झालं ते झालं. पुढच्या वेळी जरा काळजी घेत जा."

"व्हय, मालक," ती म्हणाली.